उसनी कडी

आरोग्य केंद्राच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. गावात नेमणूक होऊन आलेल्या डॉक्टरने, नाहीतर नर्सने त्यात राहायचं, अशी सोय. त्या क्वार्टरची किल्ली गेली सव्वीस वर्षं मावशीच्या कमरेला आहे.

मावशी म्हणजे केंद्राची परिचर. झाडलोट करायची, पाणी भरायचं, कात्र्या-चिमटे उकळायचे, बाळंतिणीचं सगळं बघायचं, आणि सुई टोचेपर्यंत रडणाऱ्या पोराचा दंड घट्ट धरून ठेवायचा, ही तिची कामं. तिचा नवरा याच जागेवर होता. तो गेल्यावर कार्यालयाने तिला त्याच्या जागी घेतलं. शिक्षण चौथीपर्यंत, पण वाचायला अडत नाही आणि सही अशी ठसठशीत की मोठ्या साहेबांनी बघत राहावं. सकाळी घरातल्या देवापुढे दिवा लावून निघते, पहिलं कुलूप काढते ते दवाखान्याचं, आणि मगच कुणाशी बोलते.

दवाखान्याच्या कोपऱ्यात एक स्टूल आहे. त्याला पाय तीन, चौथा कधी गेला ते मावशीलाही माहीत नाही. ती कामाला लागली तेव्हाही तीनच होते. पण हे स्टूल टाकून देता येत नाही, कारण ते डेडस्टॉकच्या रजिस्टरला आहे. या रजिस्टरात एकदा वस्तू चढली की ती सरकारची. मोडली तरी सरकारची. ती काढायची तर पाच साहेबांच्या सह्या लागतात, आणि पाच साहेब एका वर्षात एका जागी टिकत नाहीत. म्हणून दरवर्षी तपासणीला ते स्टूल भिंतीला टेकवून उभं करायचं, "स्टूल, एक, मोडके" असं वाचायचं आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवायचं. "माझा नवरा गेला, मी म्हातारी झाले, पण हे मेलं निवृत्त होत नाही," असं मावशी झाडू मारताना म्हणते.

स्टूल टिकलं. माणसं टिकली नाहीत. सव्वीस वर्षांत डॉक्टर आणि नर्स मिळून अकरा जण त्या क्वार्टरमध्ये येऊन गेले. गावाचं यावर एक ठरलेलं बोलणं आहे. आजकालच्या लोकांना सेवा नको, शहर हवं. खेडं म्हटलं की नाक मुरडतात. चहाच्या दुकानात हे बोलणं इतकं घोटून घोटून गुळगुळीत झालंय की बोलणाऱ्याला त्यात काही बोलतोय असंही वाटत नाही. मावशी पूर्वी मान हलवायची. अलीकडे तिला हे ऐकलं की कानशिलं तापतात. कारण जाताना किल्ली तिच्या हातात द्यावी लागते, आणि किल्ली देताना माणूस खरं बोलतो.

पहिला डॉक्टर गेला तो पाण्यापायी. नळ होता, नळाला तोटी होती, तोटीमागे पाइपच नव्हता. एक जोडपं आलं होतं, दोघंही डॉक्टर. त्यांचं मूल शाळेच्या वयाचं झालं आणि शाळेत दोन वर्षं गणिताला मास्तर नव्हता. एक नर्स तर रडत गेली. तिने काही मागितलंच नव्हतं, फक्त जेवताना कुणी खिडकीतून डोकावू नये एवढंच तिचं म्हणणं होतं. यातल्या एकानेही नाक मुरडलेलं मावशीने पाहिलं नाही. अगदी खचल्यावर ही माणसं गेली, आणि जाताना उलट तिलाच "सांभाळून राहा मावशी" म्हणून गेली.

आणि यात गावाची एक रीत होती. तिचाच मावशीला आता सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्या रीतीत तिचे हात होते.

नवीन माणूस येणार असं कळलं की गावच्या समितीचे अध्यक्ष हुकूम सोडायचे आणि क्वार्टर सजायचं. पलंग अध्यक्षांच्या घरचा. गादी-उशी त्यांच्याच घरची. टेबलफॅन हेडमास्तरांचा, पडदे शिंप्याकडचे, पाण्याचा पिंप दुकानदाराचा. हे सगळं दारोदार फिरून गोळा करायचं काम मावशीचं. मग येणाऱ्याला पलंगावर बसवायचं, हार घालायचा, आणि अध्यक्ष भाषण करायचे की तुम्ही आमच्या घरचेच. आठ दिवस गेले की ज्याची वस्तू तो येऊन न्यायचा. आधी फॅन जायचा, मग पडदे. पलंग गेला की आलेल्या माणसाला कळायचं की स्वागत संपलं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वस्तू ज्याची त्याला परत करायला नको का?

अध्यक्ष मावशीचे चुलतदीर. ती त्यांना भाऊजी म्हणते, ते तिला वहिनी. माणूस वाईट नाही, असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली. पण दोन वर्षांपूर्वी चौदा महिने क्वार्टरला कुलूप होतं. नर्स गेली होती, दुसरी येत नव्हती. त्या चौदा महिन्यांत अध्यक्षांच्या धाकट्या भावाच्या बायकोचे, म्हणजे मावशीच्या जावेचे, दिवस भरले. भर दुपारी तिला टेम्पोत घालून मोठ्या गावाला न्यायला निघाले. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. अर्ध्या वाटेवर टेम्पो परत फिरवला, कारण पुढे न्यायला काही उरलं नव्हतं. ना आई, ना मूल. त्या दिवशी घरी येऊन मावशीने दिवा लावला खरा, पण देवाशी बोलली नाही.

त्यानंतर आता अकरा महिन्यांपूर्वी आताची नर्स, म्हणजे सिस्टर, आली. वय तिशीच्या आत, बोलणं थोडं, हात हलका. आल्यापासून बावीस बाळंतपणं केली, बावीसच्या बावीस बायका घरी धडधाकट गेल्या. पायवाटेने वाड्या-वस्त्यांवर जाऊन लसी टोचल्या. म्हाताऱ्यांना नावानिशी ओळखायला लागली.

तिच्या स्वागतालाही सगळं उसनं आलं होतं. भर म्हणून या वेळी दाराची कडीसुद्धा उसनी. क्वार्टरच्या दाराची आतली कडी फार पूर्वी कुणीतरी घाईघाईने धक्के मारून उखडली होती. ती पुन्हा बसवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तेव्हा सुताराने शाळेच्या कोठीची कडी काढून इथे ठोकली. आठव्या दिवशी सिस्टर लसीकरणाला गेल्या असताना तो आला आणि चार स्क्रू काढून कडी घेऊन गेला. सिस्टर परत आल्या तेव्हा दाराला चार भोकं होती. मावशीने हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, कोठीत मुलांच्या खेळाचं सामान आहे, कडी नसेल तर चोरीला जाईल.

म्हणजे चेंडूंना कडी हवी. एकट्या राहणाऱ्या पोरीला चालतं.

मग एका दुपारी, रात्रभर बाळंतपण करून सिस्टर झोपल्या होत्या, तर एक माणूस सरळ आत येऊन पायथ्याशी उभा राहिला. डोकं दुखतंय, गोळी द्या, म्हणाला. माणूस साधा होता, दार उघडंच होतं असं तोच सगळ्यांना सांगत होता, आणि त्यावर चहाच्या दुकानात हसणंही झालं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी आतली कडी मिळावी म्हणून वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. महिन्याने दुसरं. मग तिसरं. अध्यक्षांनाही दोनदा सांगितलं. त्यांनी "बघू, बघू" म्हटलं, आणि ते बघतच राहिले.

एका सकाळी क्वार्टर झाडताना मावशीला फरशीवर एक ओरखडा दिसला. दारापासून भिंतीपर्यंत, कोयत्याच्या पात्यासारखा वळलेला. पांढरा, खोल, एका दिवसात पडलेला नव्हे. ती खाली बसली, त्यावरून बोट फिरवलं, आणि मग तिला कळलं. पत्र्याची ट्रंक. सिस्टर रोज रात्री झोपताना ती ओढून दाराला लावत होत्या, रोज उठल्यावर परत सारत होत्या. तीनशे वेळा तरी. मावशी रोज ती फरशी पुसत होती आणि तिने त्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. मावशीची मुलगी शहरातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. आईने कष्टाने शिकवली. मावशीने सहज म्हटलं, इथली दुसरी जागा रिकामीच आहे, तू अर्ज का करत नाहीस, घरची भाकर खाशील. मुलगी म्हणाली, "आई, तू मला त्या क्वार्टरमध्ये ठेवशील?"

मावशीने फोन ठेवला. दुसऱ्याच्या मुलीला ठेवताना आपण इतकी वर्षं पडदे लावत होतो.

मंगळवारी सिस्टरनी एक पाकीट तिच्या हातात दिलं. गुरुवारी टपालाची पिशवी जाते, त्यात टाका म्हणाल्या. पाकिटावर कार्यालयाचा पत्ता, आणि आत काय आहे ते विचारायची गरज नव्हती. बदलीचे अर्ज घ्यायचा महिना होता.

मावशीने पाकीट घेतलं आणि हातातच ठेवलं. मग म्हणाली, "सिस्टर, पुढच्या सोमवारी मोठे साहेब पाहणीला येतायत. तोवर हे माझ्याकडे राहू द्या. नंतर तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी स्वतः टाकते. लपवणार नाही, देवाची शपथ."

"साहेब काय करणार आहेत, मावशी?"

"ते काही नाही करायचे," मावशी म्हणाली. "पण राहू द्या."

तिने ते पाकीट घरी देवापुढे ठेवलं. हे कितपत बरोबर, असं तिच्या मनात येत होतं. दुसऱ्याची चिठ्ठी, आणि देवाला साक्षी धरून अडवून ठेवलेली.

शनिवारी अध्यक्षांचा निरोप आला, क्वार्टर सजवा. साहेबांच्या फॉर्मवर निवासस्थानाचे रकाने असतात. ते भरले की वरून शाबासकी येते, रिकामे राहिले की गावाचं नाव खाली जातं. मावशी निमूटपणे दारोदार फिरली. पलंग आला, गादी आली, फॅन आला, पडदे आले, पिंप आला. रविवारी सुतार शाळेची कडी घेऊन आला आणि त्याच चार भोकांत तेच चार स्क्रू बसवू लागला. भोकं रुंदावली होती, स्क्रू फिरत राहत होते. त्याने काड्यापेटीच्या काड्या मोडून भोकांत खुपसल्या. "एका दिवसापुरतं झालं काम," तो म्हणाला.

मावशी त्या काड्यांकडे बघत उभी राहिली. एका दिवसापुरतं. मग ती दवाखान्यात गेली आणि पाण्याचा माठ उचलून दुसरीकडे ठेवताना त्या तीन पायांच्या स्टुलाची तिला ठेच लागली. नेहमीसारखी ती त्याला शिवी देणार होती, पण दिली नाही. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

सोमवारी साहेब आले. भले गृहस्थ, गाडीतून उतरताना कंबर धरून उतरणारे. दवाखाना बघितला, मग क्वार्टर. फॉर्म हातात होता, पटापट खुणा करत गेले. पलंगाच्या गादीवर हात दाबून पाहिला, फॅन लावून पाहिला.

"या भागात इतकं नीटनेटकं क्वार्टर मी पाहिलं नाही," साहेब म्हणाले.

अध्यक्षांनी छाती पुढे काढली. "गावाने केलंय साहेब सगळं. सिस्टर म्हणजे आमच्या घरची लेक. तिला काही कमी पडू देत नाही. एवढं करूनही माणसं टिकत नाहीत, त्याला आम्ही तरी काय करायचं?"

सिस्टर दाराशी उभ्या होत्या. त्यांची नजर त्या काड्या खुपसलेल्या कडीवर होती.

मावशी पुढे झाली. तिच्या हातात डेडस्टॉकचं रजिस्टर होतं. साहेब जाताना त्यावर नेहमी सही करतात, न बघता.

"साहेब, एवढी नोंद राहिलीय," ती म्हणाली.

"कसली?"

"या खोलीतल्या वस्तूंची. अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं, गावाने दिलंय. मग रजिस्टरला चढवायला नको का? उद्या काही हललं तर जाब मला विचाराल."

साहेबांना हसू आलं. परिचर असावी तर अशी, म्हणाले, आणि पलंगावरच बसून पेन काढलं. लोखंडी पलंग, एक. गादी, एक. उशी, एक, तिच्या खोळीवर अध्यक्षांच्या बायकोने विणलेली फुलं होती. टेबलफॅन. पिंप. पडदे दोन. हेडमास्तर मागे उभे होते, ते फॅनकडे असे बघत होते की जणू तो चालत निघालाय.

"आणि कडी," मावशी म्हणाली.

"कडीसुद्धा लिहायची?"

"तीच आधी लिहायची होती, साहेब."

साहेबांनी कडी लिहिली. मग मान वर करून म्हणाले, "ग्रामस्थांकडून भेट, असं लिहू ना, अध्यक्ष?"

अध्यक्षांनी पलंगाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. आताच स्वतःच्या तोंडाने बोललेलं परत कसं घ्यायचं? "लिहा," ते म्हणाले. देणाऱ्याची सही म्हणून त्यांनी खाली सहीही केली.

घरी आल्यावर मावशीने देवापुढे बसून सगळं पुन्हा आठवलं. एक अक्षर खोटं बोलले नाही, असं तिने सांगितलं. देवाने हो म्हटलं की नाही ते तिला कळलं नाही, पण वात नीट जळत होती.

मंगळवारी तिने सिस्टरना विचारलं, पाकीट टाकू का. सिस्टरनी पलंगावरून हात फिरवला. "आठ दिवस थांबू," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी आठव्या दिवशी गेला होता."

आठव्या दिवशी अध्यक्ष हातगाडी घेऊन आलेच.

"वहिनी, गंमत पुरे झाली. पलंग बाहेर काढा. घरी पाहुणे आलेत."

"न्या की, भाऊजी. पाच सह्या आणा आणि न्या. त्या स्टुलासाठी मी सव्वीस वर्षं वाट बघतेय, कदाचित तुमचं लवकर होईल."

हातगाडीवाला तोंड फिरवून हसला. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. तुम्ही गावाला फसवलंत, असं ते म्हणाले.

मावशीचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "अकरा माणसांना या पलंगावर बसवून तुम्ही घरचे म्हणालात आणि आठव्या दिवशी पलंग ओढून नेलात. सामान मी गोळा करत होते, म्हणून फसवणाऱ्यांत मीही आहे, ते माझं मी देवाला सांगेन. पण धाकटीला टेम्पोत घातलं तेव्हा या दाराला बाहेरून कुलूप होतं, भाऊजी. ते कुणामुळे होतं?"

अध्यक्षांनी हातगाडीचा दांडा धरला. मग म्हणाले, "तो विषय वेगळा आहे."

रिकामी हातगाडी खडखडत परत गेली.

मावशीला वाटलं होतं की धाकटीच्या नावाने तरी माणूस गप्प बसेल. चौथ्या दिवशी कार्यालयातून कागद आला. कडीसाठी अकरा महिन्यांत तीन पत्रं गेली, त्यांना पोचसुद्धा आली नव्हती. अध्यक्षांच्या पलंगाच्या तक्रारीला चार दिवसांत उत्तर होतं. 'खाजगी वस्तूंची नोंद शासकीय रजिस्टरमध्ये कोणाच्या सांगण्यावरून घेण्यात आली, याचा लेखी खुलासा परिचर यांनी सात दिवसांत सादर करावा.' खाली जावक क्रमांक, शिक्का, लफ्फेदार सही. सगळं जागच्या जागी.

मावशीने तो कागद दोनदा वाचला. एवढ्या वर्षांत ती कुणावर इतकी चिडली नव्हती. बावीस बायका जिवंत घरी पाठवणाऱ्या मुलीला एक कडी द्यायला यांच्याकडे कागद नाही, शाई नाही, टपाल नाही. आणि आता बघा, सात दिवसांत हवंय.

ती तशीच घरी गेली, देवापुढचं पाकीट उचललं आणि क्वार्टरमध्ये येऊन सिस्टरच्या समोर ठेवलं. शेजारी तो कार्यालयाचा कागद ठेवला.

"तुमचं पाकीट घ्या," ती म्हणाली. "मी अडवलं, चुकलं माझं. जायचं असेल तर जा, मी किल्ली घेईन आणि तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. पण जायच्या आधी मला हा खुलासा लिहून द्या. माझ्या हातून रागाने शाई सांडेल."

सिस्टरनी कागद वाचला. मग त्यांनी पाकीट फोडलं, आतला बदलीचा अर्ज बाहेर काढला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

"अहो, तो अर्ज आहे."

"हो. कच्चं लिहायला दुसरा कागद नाही घरात. सांगा."

मावशी खाली बसली. मग सांगू लागली. नोंद मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने घेतली, देणाऱ्याची सही खाली आहे. गादी, फॅन, पडदे ज्याचे त्याला हवे असतील तर रीतसर सह्या आणून न्यावेत. पलंगही न्यावा, सिस्टर चटईवर झोपतील, त्यांना सवय लावलीय गावाने.

"आणि?"

"कडी देणार नाही. माझी नोकरी गेली तरी नाही. असंच लिहा."

सिस्टर पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "असं लिहिता येत नाही, मावशी."

"मग तुमच्या भाषेत लिहा. पण अर्थ तोच ठेवा. आणि तुमच्या तिन्ही पत्रांच्या तारखा त्यात घाला. आहेत ना पाठ?"

त्या पाठ होत्या. सिस्टरनी त्या लिहिल्या, एकाखाली एक. मग क्षणभर थांबून म्हणाल्या, याला पुन्हा उत्तर मागतील. चौकशी लावतील. इथे कुणीतरी हवं उत्तर द्यायला. कुणीतरी म्हणजे कोण, हे मावशीने विचारलं नाही.

खुलासा गुरुवारच्या पिशवीतून गेला. दुसऱ्या दिवशी मावशीने सुताराला बोलावून काड्या काढायला लावल्या, भोकांत लाकडाच्या पक्क्या खुंट्या ठोकून घेतल्या आणि लांब स्क्रू बसवून घेतले. शाळेची कोठी सताड उघडी होती. चेंडूंना काही झालं नाही. गावात दोन तट पडले, चहाच्या दुकानात मावशीला नावं ठेवणं सुरू झालं, आणि कार्यालयाकडून पुढचा कागद अजून यायचा आहे. तिचा रागही अजून गेलेला नाही. एका कडीसाठी एवढं करावं लागलं, हे आठवलं की तो पुन्हा उसळतो.

पण ट्रंक आता भिंतीशी असते. मावशी फरशी पुसताना त्या ओरखड्यावरून फडकं जरा जोरात फिरवते. तो जात नाही.